कोऱ्या पानाची गाडी

“एक्केचाळीस आणि तीन,” मोहसीन म्हणाला. “काका, आता यात इचार करण्यासारखं काय राह्यलं?”

चिमाजीने खुर्ची पुढे ओढली. संगणकाच्या पडद्यावरचा तक्ता इंग्रजीत होता. त्याला इंग्रजी अक्षरे सुटी सुटी वाचता येत, पण ओळ पुरी होईपर्यंत पहिला शब्द निसटून जाई. आकडे मात्र कळत होते. एअर कांचन, एक्केचाळीस. एअर मंदार, तीन. लोकसभेत कुणा खासदाराने विमानांच्या सुरक्षिततेविषयी प्रश्न विचारला होता आणि त्याच्या उत्तराला ही यादी जोडलेली होती: मागच्या दोन वर्षांत कोणत्या कंपनीच्या विमानांबाबत किती घटना नोंदल्या गेल्या. मोहसीनने ती अर्ध्या तासाच्या खटपटीने शोधून काढली होती. जुन्नरच्या बसस्थानकामागच्या त्याच्या कॅफेत चार संगणक होते, त्यांतले दोन चालत होते आणि अकरा वाजता भारनियमनाने तेही बंद पडणार होते.

“मंदारच्या शनिवारच्या विमानात पाच जागा दाखवतोय. सकाळी आठ व्हत्या,” मोहसीन म्हणाला. “पुण्यातून थेट बंगळूर. कांचनचं विमान पुण्याहून नाहीच, मुंबईला जावं लागंल. तीन तिकिटं काढू का मंदारची?”

“थांब जरा.”

“मी थांबतो. लाईट थांबणार नाय.”

तिकिटे चिमाजीच्या नातीसाठी आणि तिच्या आईबापांसाठी होती. संस्कृती सहा वर्षांची होती आणि जन्मापासून तिच्या हृदयात दोष होता. दहा पावले धावली की ती उकिडवी बसे, गुडघे पोटाशी घट्ट धरी आणि ओठांचा निळेपणा उतरेपर्यंत कुणाशी बोलत नसे. शाळेतल्या मुलांना तो खेळ वाटे. तीही तिच्या शेजारी उकिडवी बसत. जानेवारीत ती दोनदा बसल्या जागी बेशुद्ध पडली. बंगळूरच्या एका धर्मादाय रुग्णालयाने शस्त्रक्रियेसाठी दाखल होण्याची तारीख दिली होती: सोमवार, १९ फेब्रुवारी २००७. ती चुकली तर पुढची जुलैत. पुण्याच्या डॉक्टरांनी चष्मा काढून, टेबलाकडे बघत सांगितले होते की जुलैचा विचार करू नका. रेल्वेचे वीस-बावीस तास त्यांनी साफ नाकारले. विमानाचा दीड तास तिला झेपेल, असे पत्र त्यांनी लिहून दिले होते. ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिमाजी सदऱ्याच्या आतल्या खिशात बाळगत होता.

पण मागच्याच आठवड्यात टीव्हीवर एक विमान धावपट्टी सोडून गवतात घुसलेले दाखवले. कंपनी तिसरीच होती. परंतु स्वस्त तिकिटाची होती, एवढेच घरात सगळ्यांच्या लक्षात राहिले. तेव्हापासून चिमाजीच्या सुनेची, आरतीची, झोप गेली होती. “मामा, पोरीला वाचवायला नेतोय,” ती म्हणाली होती. “नेता नेता घालवायला नको. तुम्ही जन्मभर गाड्यांचे अपघात लिहिलेत. कुठलं विमान बरं, ते तुम्हीच बघून सांगा.”

त्याने ते खरोखरच जन्मभर लिहिले होते. ओतूरच्या कुकडी खोरे भाजीपाला वाहतूक संघात तो सव्वीस वर्षे सचिव होता. संघाचे चौतीस टेम्पो कांदा आणि टोमॅटो भरून माळशेज घाटाने कल्याणच्या बाजाराला, कधी पुण्याच्याही जात. त्यांची अपघातवही चिमाजीच्या ताब्यात असे. तारीख, गाडी, ठिकाण, काय झाले, कुणी सांगितले, असे तिचे पाच रकाने होते. एका चालकाच्या पानावर पाच नोंदी आणि दुसऱ्याच्या पानावर दोन, एवढ्यावरून तो कधी निर्णय करत नसे. पाचवाला रोज घाट उतरतो की आठवड्यातून एकदा, हे आधी विचारावे लागते.

“कांचनच्या रोजच्या फेऱ्या किती?” त्याने विचारले.

मोहसीनने शोधले. “नव्वद. मंदारच्या साठ.”

चिमाजीने एसटीच्या तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने भागाकार मांडला. कांचनची दर सोळाशे फेऱ्यांमागे एक घटना. मंदारची दर साडेचौदा हजारांमागे एक. फेऱ्या धरूनही कांचन नऊपट वाईट ठरत होती.

“म्हणजे मंदारच,” मोहसीन म्हणाला. “मी मघाशी गणित न करता सांगितलं.”

“घटना काय काय, ते वाच. नुसता आकडा नको.”

मोहसीनने घड्याळाकडे पाहिले आणि वाचायला सुरुवात केली. कांचन: उड्डाणापूर्वी दाराचा दिवा लागला, विमान जागेवर परत आणले. पक्षी धडकला, नुकसान नाही. चाकापाशी तेलाचा डाग दिसला, विमान बदलले. पक्षी धडकला. वैमानिकाला इंजिनाचा आवाज वेगळा वाटला, परत फिरला, तपासणीत दोष आढळला नाही. पक्षी धडकला. चिमाजी बोटांच्या पेरांवर मोजत होता. एक्केचाळिसांपैकी अकरा पक्षी झाले. जिच्यात माणसाचा जीव जाऊ शकला असता अशी घटना त्याला एकच सापडली.

“आता मंदार.”

“एक, विमान धावपट्टीवरून बाहेर गेलं. दोन, उतरताना दोन टायर फुटले, धावपट्टी दोन तास बंद. तीन, केबिनमध्ये धूर, प्रवाशांना घसरगुंडीवरून उतरवलं. संपलं.”

“पक्षी?”

“काय?”

“मंदारच्या विमानाला पक्षी किती वेळा धडकला?”

“तीनच तर घटना हायत, काका. पक्षी नाय त्यात.”

“विमानतळ तेच. धावपट्टी तीच. कांचनला अकरा वेळा पक्षी धडकतो आणि मंदारला दोन वर्षांत एकदाही नाही?”

“मंदारवाल्यांनी पक्ष्यांना टाइमटेबल दिलं असंल,” मोहसीन हसून म्हणाला.

चिमाजी हसला नाही. धावपट्टी बंद पडली की ते शंभर लोक बघतात. घसरगुंडीवरून उतरलेला माणूस घरी जाऊन सांगतो. मंदारच्या यादीत जे लपवता येत नाही तेवढेच होते, त्याच्या खालचे काहीच नव्हते. असे पान त्याने पूर्वी पाहिले होते. पाहिले कशाला, ते त्याच्याच हाताखाली तयार झाले होते.

टेबलावरच्या फोनवरून त्याने मुलाला, आदेशला, मोबाइल लावला. आदेश कल्याणजवळच्या एका कारखान्यात होता आणि सुट्टीला घरी येई. त्याच्या पाठीमागे यंत्रांचा खडखडाट ऐकू येत होता. चिमाजीने त्याला दोन्ही आकडे आणि आपली शंका सांगितली.

“आबा, तीन सोडून एक्केचाळीसच्या विमानात पोरीला बसवायची?” आदेश म्हणाला. “कुणी ऐकलं तर काय म्हणंल? आरतीला विचारा. ती म्हणंल तसं करा. पण आज करा.”

अकराला पाच मिनिटे कमी असताना दिवे गेले. मोहसीन अंधारलेल्या पडद्याकडे बघत म्हणाला, “चारला येतील. तोवर जागा राह्यल्या तर राह्यल्या.”

ओतूरच्या एसटीत खिडकीशी बसून चिमाजीने स्वतःला वारंवार बजावले की पक्ष्यांचा मुद्दा सांगितला की पुरे. आरती बारावी झालेली होती, तिला तो समजेल. त्याहून जास्त काही सांगण्याची गरज पडणार नाही.

घरी पोचला तेव्हा आरती ओट्यावर संस्कृतीचे केस विंचरत होती. वेणी घालतानाही पोरीला मध्ये मध्ये थांबावे लागत होते. तिचे ओठ जांभळाचा डाग पडल्यासारखे दिसत होते. चिमाजी समोर बसला. त्याने फेऱ्या, भागाकार, तेलाचा डाग, धावपट्टी आणि पक्षी, सगळे क्रमाने सांगितले. आरतीने शेवटपर्यंत ऐकले. मग तिने संस्कृतीला आत पाणी प्यायला पाठवले.

“म्हणजे ज्यांनी लिहिलं ते चांगले आणि ज्यांचं पान कोरं ते खोटे,” ती म्हणाली.

“खोटेच असतील असं न्हाई. पण इतकं कोरं असत नाही.”

“का असत नाही? चांगल्या माणसाचं पान कोरं असूच शकत नाही का, मामा? माझ्या बापाचं होतं की.”

ती भिंतीकडे पाहत होती. तिथे तिच्या वडिलांचा, जानकूचा, फोटो होता. टेम्पोच्या बॉनेटला हात लावून तो उभा होता, डोक्यावर केशरी फेटा, पायाशी फुटलेला नारळ. फोटो १९९६ च्या दसऱ्याचा होता. त्या फेट्याची रीत चिमाजीनेच पाडली होती. १९९३ साली त्याने संघाच्या सभेत ठराव मांडला की दसऱ्याला गाड्यांची पूजा होते तेव्हा ज्या गाडीचे पान वर्षभर कोरे राहिले असेल, तिला पहिला नारळ फोडायचा आणि चालकाला फेटा बांधायचा. माणसे जपून चालवतील, असे त्याला मनापासून वाटले होते. पहिल्या वर्षी वहीत एकशे बारा नोंदी होत्या. दुसऱ्या वर्षी चाळीस. तिसऱ्या वर्षी सतरा. सभेत टाळ्या पडल्या. घाट तोच होता, पाऊस तोच होता, गाड्या तीन वर्षांनी जुन्या झाल्या होत्या. जानकूला लागोपाठ तीन दसरे फेटा बांधला गेला. पावसाळ्यात माळशेजच्या शंभर फेऱ्या आणि पानावर साधे पंक्चरसुद्धा नाही.

१९९७ च्या दसऱ्याला चार दिवस उरले असताना तो टेम्पो बोगद्याच्या अलीकडच्या वळणावरून दरीत गेला. पंचनाम्यासाठी वही मागवली गेली. पान कोरे होते, म्हणजे गाडी ठीक होती. गाडी ठीक होती, म्हणजे चालक झोपला.

“तीन वर्षं कोरं,” आरती म्हणत होती. “एकदा डुलकी लागली, ते नशीब. पण म्हणून तीन वर्षं खोटी होत नाहीत. मंदारच काढा, मामा. मी त्याच पानावर वाढलेय.”

चिमाजीला वाटले, आता उठून जुन्नरला जावे आणि मंदारची तिकिटे काढावीत. विमान बहुधा पोचेल. साडेचौदा हजारांत एक, खरे आकडे धरले तरी हजारांत एक. बहुतेक कोरी पाने दसऱ्यापर्यंत पोचतातच. आत संस्कृती तांब्या ठेवून उकिडवी बसलेली दाराच्या फटीतून दिसत होती.

“जानकूचं पान कोरं नव्हतं,” तो म्हणाला.

आरतीने त्याच्याकडे पाहिले.

“दसऱ्याला नऊ दिवस राह्यले व्हते. दोन ऑक्टोबर. संघाला सुट्टी होती, मी एकटा वही पुरी करत बसलो होतो. तो आला. म्हणाला, चिमाजी, ब्रेक सरकतोय. तीनदा दाबल्याबिगर धरत न्हाई. लिही.” चिमाजी थांबला. पुढचे वाक्य त्याने दहा वर्षांत स्वतःशीसुद्धा मोठ्याने उच्चारले नव्हते. “मी म्हणालो, नऊ दिवसांसाठी चौथा फेटा घालवतो का? लिहिलं की गाडी उभी करावी लागंल. टोमॅटोचा हंगाम आहे. दसरा होऊ दे, दुसऱ्या दिवशी पहिली नोंद तुझी करतो.”

“ते काय म्हणाले?”

“हसला. म्हणाला, फेटा तूच बांध मग, मला नीट बांधता येत न्हाई.”

आरतीच्या हातातल्या फणीत पोरीचे केस अडकले होते. ती ते एकेक काढत राहिली.

“तुम्ही पोलिसांना सांगितलं नाही.”

“न्हाई.”

“आईला?”

“न्हाई.”

“आई अजून म्हणते,” आरती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका सपाट होता की चिमाजीला तो ओळखू येईना, “त्या रोजी सकाळी तिनंच त्यांना लवकर उठवलं. दळण आणायचं होतं. दोन तास झोपू दिलं असतं तर वळणावर डोळा लागला नसता. दर दसऱ्याला म्हणते. मी तिला दर दसऱ्याला समजावते.”

चिमाजीने मान खाली घातली.

“मला सून करून घेतलीत ती म्हणून?”

“होय,” तो म्हणाला. नंतर म्हणाला, “तू आदेशला पसंत होतीस, हेही खरं हाय. दोन्ही इतकं मिसळलंय की मला वेगळं काढता येत न्हाई.”

ती उठली आणि आत गेली. इंद्रायणीचे, तिच्या आईचे, घर दोन गल्ल्या सोडून होते. ती आता पोरीला घेऊन तिकडे जाईल आणि पुन्हा या उंबऱ्यात येणार नाही, असे चिमाजीला वाटले. ते योग्यच झाले असते. पण तिकिटे? शनिवारला चार दिवस राहिले होते. त्याला अपराधाहून त्या क्षणी जागांचीच चिंता जास्त होती, आणि याचीही त्याला लाज वाटली.

आरती परत आली तेव्हा तिच्या हातात डॉक्टरांच्या पत्राची दुसरी प्रत आणि आदेशचा पत्ता लिहिलेला कागद होता.

“कांचनसाठी मुंबईला जायचं म्हणजे घाटातूनच जावं लागेल,” ती म्हणाली.

“हो.”

“घाटाचा भागाकार केलात?”

“केला. दिवसा आणि पाऊस नसताना घाटातल्या नोंदी पुण्याच्या रस्त्यापेक्षा निम्म्या आहेत.”

“तुमच्या वहीत.”

“माझ्या वहीत.”

“त्या वहीवर विश्वास ठेवायचा आता?”

“नको ठेवूस,” तो म्हणाला. “मलाही सांगता येत न्हाई. एवढंच सांगतो, विमान हो की गाडी, जो लहान लहान दुखणी लिहून ठेवतो त्याच्यात पोरीला बसव.”

आरतीने कागद त्याच्या पुढ्यात ठेवला. “एक्केचाळीसवालं काढा,” ती म्हणाली. “आणि चारच्या आत जुन्नरला पोचा. शनिवारपर्यंत मला दुसरं काही बोलायचं नाही.”

शनिवारी सकाळी सात वाजता कल्याणपर्यंत ठरवलेली सोमाजीची जीप दारात आली. सोमाजी ओतूर ते मढ प्रवासी भरून ने-आण करी. पन्नाशीचा, बोलका, स्वतःच्या गाडीची तारीफ करण्यात रमणारा माणूस. विमान मुंबईहून पावणेपाचला होते. आदेश कल्याणच्या एसटी स्थानकावर भेटणार होता. तिथून तिघे विमानतळावर जाणार होते. चिमाजी फक्त सोबतीला, पोचवायला. चार दिवसांत आरती त्याच्याशी जेवायला वाढण्यापुरतेच बोलली होती. इंद्रायणीला तिने काय सांगितले, हे त्याला माहीत नव्हते. निरोप द्यायला इंद्रायणी आली, तिने नातीच्या कपाळावरून बोटे फिरवली आणि चिमाजीकडे न बघता परत गेली.

संस्कृती मागच्या बाकावर आईच्या मांडीला टेकून बसली होती. “आबा, विमानात उकिडवं बसायला जागा असती का?” तिने विचारले.

“असंल,” चिमाजी म्हणाला. “नसली तर करून घेऊ.”

मढला सोमाजीने चहासाठी गाडी थांबवली. इथून पुढे चढण, मग खुबी फाटा, मग घाट. हॉटेलापुढे उतारावर गाडी उभी करताना तिने एक हलका झोका खाल्ला, किंचित पुढे सरकली आणि थांबली. चिमाजीला तो झोका पायाच्या तळव्यात जाणवला. आरतीही सरळ होऊन बसली.

“सोमाजीभाऊ, ब्रेक कसा आहे गाडीचा?” तिने विचारले.

“एक नंबर, ताई. बिनघोर बसा. वीस वर्सांत खरचटलं न्हाई कुणाला.”

चिमाजी तोंड उघडणार होता. आरतीने त्याच्याकडे न पाहता हात आडवा केला. मग ती खाली उतरली, सोमाजीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात, घरच्या माणसाशी बोलावे तशी बोलली.

“तसं नाही विचारलं, भाऊ. किती वेळा दाबल्यावर धरतो?”

सोमाजीने तिच्याकडे पाहिले, मग चिमाजीकडे. त्याचा चेहरा जरा उतरला.

“थंड असंल तर दोनदा,” तो म्हणाला. “तापला की तीनदा. पण घाटात मी गिअरवरच उतरवतो, ताई. लई वर्सांचा हात हाय. काय व्हत नाय.”

आरतीने डोळे मिटले आणि उघडले. “बरं झालं सांगितलंत,” ती म्हणाली. “तुमचं ठरलेलं भाडं मिळेल. तुम्हाला कुणी बोल लावणार नाही.”

तिने मागचे दार उघडले, पोरीला कडेवर घेतले आणि पिशवी ओढून काढली. चिमाजी घाईने उतरला. सव्वाआठ वाजले होते. हॉटेलवाला म्हणाला, नगरकडून येणारी कल्याण एसटी साडेआठला येते, कधी नऊलाही. दुसरी जीप घाट उतरणारी नव्हती. रस्त्याच्या कडेला तिघे उभे राहिले. पावणेनऊ झाले, नऊ झाले. संस्कृती आईच्या खांद्यावरून उतरून जमिनीवर उकिडवी बसली. चिमाजीने तिच्या डोक्यावर उपरण्याची सावली धरली. मोठमोठे ट्रक जात होते. त्यांतल्या कुठल्याचा ब्रेक किती वेळा दाबल्यावर धरतो, ते पाटीवर लिहिलेले नव्हते. नऊ वाजून दहा मिनिटांनी एसटी आली. भरलेली होती. आरतीने वाहकाला डॉक्टरांचे पत्र दाखवले. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा उठून उभा राहिला.

चिमाजीने पायरीवर पाय ठेवला.

“तुम्ही नका येऊ,” आरती म्हणाली.

त्याने पाय खाली घेतला.

“सोमाजीभाऊंच्या गाडीचं बघा,” ती म्हणाली. “दुपारी मढच्या बाजारातली माणसं भरून हीच गाडी परत निघेल. ती हलता कामा नये. ते काम तुमचं आहे.” दार बंद होता होता तिने आणखी एक वाक्य सांगितले. “आईला मी सगळं सांगितलंय. तिच्याकडे जाऊन या. तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

एसटी वळणाआड गेली. सोमाजी चहाचा ग्लास घेऊन जवळ आला होता. “बाईमाणूस लई भेकड असतं, राव,” तो म्हणाला. “चला, माघारी जाऊ. वाटंत दोन शिटा भेटल्या तर घेऊ.”

“चावी दे,” चिमाजी म्हणाला.

“आँ?”

“चावी दे, सोमाजी. ओतूरहून फिटर येईपर्यंत गाडी हितंच उभी राहील. मी पण हितंच हाय.”

सोमाजी चिडला, मग हसण्यावारी नेऊ लागला, मग गयावया केली की गावात कळले तर माझ्या गाडीत कोण बसेल. चिमाजीला हे सारे बोलणे तोंडपाठ होते. त्याने हात पुढे धरून ठेवला. शेवटी सोमाजीने चावी त्याच्या हातावर आपटली आणि तो दूर बाकड्यावर पाठ करून बसला.

फिटर दीड वाजता आला. त्याने चाक उतरवले आणि आतले ब्रेकच्या तेलाने ओले झालेले रबर काढून चिमाजीपुढे दगडावर ठेवले. चिमाजीने शेजारच्या दुकानातून एक चाळीस पानी वही विकत घेतली होती. तिच्या पहिल्या पानावर त्याने पाच रकाने आखले. दिनांक १७ फेब्रुवारी २००७. सोमाजीची जीप. मढ. ब्रेक तीनदा दाबल्यावर धरतो. कुणी सांगितले: सोमाजीने, विचारल्यावर.

त्या ओळीच्या वर त्याने एक ओळ मोकळी सोडली होती. पेन थोडा वेळ तसाच धरून मग त्याने तीही भरली. दिनांक २ ऑक्टोबर १९९७. संघाचा टेम्पो. ओतूर. ब्रेक तीनदा दाबल्यावर धरतो. कुणी सांगितले: जानकूने, न विचारता.

साडेचारला त्याने मढच्या फोन बूथवरून आदेशचा मोबाइल लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. दहा मिनिटांनी लावला, तेव्हाही तसेच. विमान चुकले असेल, पोरीला काही झाले असेल, कल्याणच्या गर्दीत ते एकमेकांना सापडलेच नसतील. बूथवाल्याने पंखा त्याच्याकडे वळवला. पाचला त्याने पुन्हा लावला. या वेळी घंटा वाजली नाही. एका बाईच्या ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितले की आपण संपर्क करत असलेला मोबाइल बंद आहे.

विमानात बसल्यावर मोबाइल बंद करायला लावतात, असे मोहसीनने सांगितले होते. बॅटरी संपली तरी तो बंद होतो.

“परत लावायचा, बाबा?” बूथवाल्याने विचारले.

“सव्वासहाला उतरतं ते,” चिमाजी म्हणाला. “तोवर बसू का मी हितं?”

बूथवाल्याने स्टूल पुढे सरकवले. चिमाजी वही मांडीवर ठेवून बसला. समोर घाटाकडचा रस्ता होता आणि त्यावरून गाड्या खाली उतरत होत्या.